चिक चॉकलेट : नाव नसलेला ट्रम्पेट
(नांदूरघाट येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषय दिलाय सुरुवातीच्या रॉक अँड रोलचा. एल्विसवर बोलायला लोक पुष्कळ आहेत. मी बोलणार अँटोनिओ झेवियर वाझ या माणसावर. जन्म 1916, गाव गोव्यातलं हळदोणे, मृत्यू 1967. म्हणजे जेमतेम पन्नाशी. मुंबईत लोक त्याला चिक चॉकलेट म्हणायचे आणि वाजवायचा तो ट्रम्पेट. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड होता. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श, म्हणून ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ हे बिरुदही चिकटलं. मला ते आवडत नाही. असं बिरुद दिलं की माणसाचं स्वतःचं काय, हे कुणी विचारत नाही.

काटेकोर बोलायचं तर हा जॅझवाला, रॉकवाला नव्हे. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ 1954 चं, आणि ‘अलबेला’ 1951 चा. पण ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ ऐका, ‘दीवाना परवाना’ ऐका. ‘दीवाना परवाना’त तर चिक आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो, झालरीचे शर्ट घालून. संगीत सी. रामचंद्रांचं. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले, पुणतांब्याचे. चिक त्यांचा सहाय्यक.

आता हे कसं चालायचं? चाल पेटीवर बसायची. पण वीस-पंचवीस वादकांनी एकत्र वाजवायचं तर प्रत्येकाचा भाग कागदावर पाहिजे. ती लिपी गोव्याची पोरं चर्चच्या शाळेत शिकून आलेली. त्यामुळे गाण्याच्या मधल्या जागा, सुरुवातीची झेप, ब्रासचे फटकारे यांत गोवेकरांचा हात मोठा. चाल एकाची आणि अंगकाठी दुसऱ्याची, असा तो मामला. कधी चालही बाहेरची असायची. ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एका लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून घेतलंय, हे जगजाहीर आहे.

मग ही नक्कल म्हणायची का? मला नाही वाटत. तमाशात बाई ओळ सोडते आणि ढोलकीवाला तिला उत्तर देतो, ते आपल्या कानांना ओळखीचं आहे. ‘दीवाना परवाना’त ट्रम्पेट तेच करतो. वाद्य परकं, सवाल-जवाब घरचा. म्हणून भगवानदादांची ती सैल पावलं त्यावर बसली आणि गावोगावच्या वरातींत नाचली गेली. पुढे 1957 च्या ‘आशा’त रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ केलं, ते तर उघड रॉक अँड रोल. ते ऐकायला कान आधीच तयार झाले होते.

चिकनं ‘नादान’, ‘रंगीली’ अशा चित्रपटांना स्वतंत्र संगीतही दिलं. स्पष्टच सांगतो, ‘अलबेला’ची उंची तिथे नाही. त्याला रामचंद्रांची चाल लागायची. पण मग रामचंद्रांनाही त्याचा श्वास लागायचा, हे का म्हणत नाही आपण? गंमत बघा, संगीतकार म्हणून नाव सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर. एकाच माणसाला दोन नावं मिळाली. ट्रम्पेटवाल्याला या गाण्यांच्या तबकडीवर एकही नाही.

आता ‘दीवाना परवाना’ लावतो. पहिल्यांदा शब्द सोडून द्या. फक्त दोन ओळींच्या मधे काय वाजतंय, ते ऐका.