समावेश शिकवणारा अभ्यासक्रम स्वतः किती समावेशक? दिल्ली विद्यापीठाच्या बी.एल.एड. पदवीचे परीक्षण

प्रस्तावना

शिक्षक-प्रशिक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात आज 'समावेशी शिक्षण' हा घटक आढळतो. परीक्षेत त्याची व्याख्या विचारली जाते, विद्यार्थी ती लिहितात आणि गुण मिळवतात. परंतु समावेश शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या वर्गात कोण बसते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या पाठात आपण तो प्रश्न दिल्ली विद्यापीठाच्या 'बॅचलर ऑफ एलिमेंटरी एज्युकेशन', म्हणजेच बी.एल.एड., या चार वर्षांच्या पदवीच्या संदर्भात तपासणार आहोत. त्यासाठी लागणारा निकष आपल्याला महाराष्ट्रात सापडतो.

१. निकष: जोतीराव फुले यांचे १८८२ चे निवेदन

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकांविषयी स्वतंत्रपणे लिहिले. त्या काळी बहुसंख्य शिक्षक ब्राह्मण होते. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे फुले यांचे म्हणणे होते. प्रशिक्षणात शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे आणि शिक्षकांचा पगार सुधारावा, अशाही मागण्या त्यांनी केल्या.

या निवेदनातून तीन प्रश्न निघतात. शिक्षक होण्यासाठी कोण येते? त्याला काय शिकवले जाते? आणि कोणत्या परिस्थितीत त्याला शिकावे व शिकवावे लागते? आपली बहुतेक धोरणे फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतात. फुले यांनी मात्र तिन्ही प्रश्न एकत्र मांडले होते.

२. परिसर: लक्ष्मीबाई नगर

लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. सरोजिनी नगर, किदवई नगर आणि आयएनए मार्केट तिच्या शेजारी आहेत. बदलीवर आलेली कुटुंबे देशाच्या सर्व भागांतून येतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. त्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक किंवा गाडी चालवण्याचे काम करणाऱ्यांची मुलेही आसपासच्या शाळांत जातात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत. त्यामुळे अधिकाऱ्याचे मूल आणि त्याच अधिकाऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईचे मूल एकाच बाकावर बसू शकतात. त्या बाकापुढे उभी राहणारी शिक्षिका कोठे आणि कशी घडते, हा या पाठाचा विषय आहे.

चाणक्यपुरीतील जिझस अँड मेरी, सिरी फोर्टजवळील गार्गी, हौज खासमधील इन्स्टिट्यूट ऑफ होम इकॉनॉमिक्स आणि लाजपत नगरमधील लेडी श्रीराम ही महाविद्यालये येथून काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. या चारही ठिकाणी बी.एल.एड. शिकवली गेली.

३. बी.एल.एड.चे श्रेय

१९९४ मध्ये सुरू झालेल्या या पदवीने प्राथमिक शिक्षकाला प्रथमच पूर्ण विद्यापीठीय प्रतिष्ठा दिली. तोपर्यंत लहान मुलांना शिकवायला पदविका पुरते, ही समजूत पक्की होती. बी.एल.एड.मध्ये 'समकालीन भारत' हा विषय पहिल्याच वर्षी येतो आणि पुढे 'लिंगभाव व शालेय शिक्षण' हा स्वतंत्र विषय येतो. भाषा कशी आत्मसात होते, मूल गणिताचा विचार कसा करते, याचा अभ्यास होतो. नाट्य, हस्तकला आणि आत्मविकासाच्या कार्यशाळांमधून विद्यार्थिनीला स्वतःचे पूर्वग्रह तपासावे लागतात. शेवटच्या वर्षी शाळेत दीर्घकाळ काम करावे लागते.

ही रचना महत्त्वाची आहे. जात, वर्ग किंवा लिंगभाव हे एका प्रकरणापुरते न ठेवता ते गणित आणि भाषा शिकवण्याच्या पद्धतीपर्यंत नेण्याचा प्रयत्न येथे दिसतो. फुले यांच्या दुसऱ्या प्रश्नाला बी.एल.एड.ने चांगले उत्तर दिले, असे म्हणता येईल.

४. मर्यादा: वर्गात कोण बसले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र अवघड आहे. ही पदवी ज्या आठ महाविद्यालयांत चालली, ती सर्व महिला महाविद्यालये होती. याची एक बाजू समजून घेतली पाहिजे. अनेक कुटुंबे मुलीला अशाच महाविद्यालयात पाठवण्यास तयार होतात आणि या पदवीने त्या मुलींना व्यवसाय दिला. पण दुसरी बाजूही खरी आहे. लहान मुलांना शिकवणे हे बाईचे काम, ही समजूत वर्गात 'लिंगभाव' शिकवून खोडायची आणि प्रवेशाच्या दारातच ती गृहीत धरायची, ही विसंगती आहे.

जातीच्या बाबतीत केंद्रीय विद्यापीठाचे आरक्षण लागू होते, त्यामुळे दार उघडे होते. वर्गाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीसाठी दोन वर्षांची पदविकाही चालते. ज्या घराला लवकर पगार हवा, ते घर मुलीला चार वर्षांच्या पदवीपेक्षा पदविकेकडे पाठवणार, हे उघड आहे. नोकरीत दोघींचे काम आणि वेतन सारखे असेल, तर जास्तीची दोन वर्षे कोणाला परवडतात? म्हणजे फुले यांचा तिसरा प्रश्न पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरवतो.

५. अर्धा पेपर आणि दोन परिषदा

बी.एल.एड.शी तुलनेसाठी २०१४ च्या नियमांनंतरचा दोन वर्षांचा बी.एड. पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) आराखड्यात 'समावेशी शाळेची निर्मिती' हा विषय आला, पण अर्ध्या पेपरच्या रूपात. परिणामी विद्यार्थी या पेपरात अंध मुलाच्या गरजा लिहितो आणि भूमितीच्या पाठनियोजनात फळ्यावरची आकृतीच एकमेव साधन मानतो. भूमितीच्या तासाला स्पर्शाने कळणारी आकृती कशी तयार करायची, हे त्याला कोणत्याच पेपरात शिकावे लागत नाही.

यामागे रचनेचेही कारण आहे. सर्वसाधारण शिक्षकांचे अभ्यासक्रम एनसीटीईच्या अखत्यारीत, तर विशेष शिक्षकांचे अभ्यासक्रम १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत आहेत. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीतील शाळांत विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश दिला. तो आवश्यकच होता. पण दोन्ही शिक्षकांचे प्रशिक्षण वेगळे राहिले, तर शाळेत 'ते मूल विशेष शिक्षकाचे' असे म्हणून वर्गशिक्षक मोकळा होतो. शिवाय दिव्यांग हक्क कायदा, २०१६ दिव्यांग शिक्षकांच्या नेमणुकीचीही अपेक्षा करतो. दिव्यांग व्यक्ती शिक्षक म्हणून वर्गासमोर उभी राहते, ही शक्यता अभ्यासक्रमांत फारशी दिसत नाही. तेथे ती बहुधा मदत घेणाराच असते.

६. नवा एकात्मिक कार्यक्रम

मे २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने बी.एल.एड.च्या जागी चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम (आयटीईपी) आणण्यास मान्यता दिली. अनेक प्राध्यापकांनी त्याला विरोध केला. या कार्यक्रमाची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा मराठीसह १३ भाषांत घेण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु प्रवेश मराठीत मिळाला आणि वाचायची पुस्तके मात्र इंग्रजीतच राहिली, तर मेळघाटातली कोरकू किंवा गडचिरोलीतली गोंडी बोलणारी विद्यार्थिनी दाराच्या आत येऊनही एकटीच राहील. तिची भाषा तर त्या १३ मध्येही नाही.

निष्कर्ष

बी.एल.एड.चा आशय तिच्या रचनेपेक्षा पुढे होता. विविधतेबद्दल गंभीरपणे विचार करायला शिकवणारी ही पदवी तिच्या विद्यार्थिवर्गात ती विविधता पुरेशी आणू शकली नाही. नव्या कार्यक्रमापुढे उलटा धोका आहे: दार रुंद होईल आणि आशय पातळ होईल. विद्यापीठाला खरोखर समावेश हवा असेल, तर तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतील. शिक्षक होऊ पाहणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, प्रत्येक विषयाच्या अध्यापनपद्धतीत समावेश आणि भारतीय भाषांत दर्जेदार वाचनसाहित्य. यांपैकी एक गाळली, की उरलेल्या दोन्ही दुबळ्या होतात.

स्वाध्याय

१. फुले यांच्या निवेदनातून निघणारे तीन प्रश्न तुमच्या जवळच्या अध्यापक महाविद्यालयाला लावून पाहा.
२. महिला महाविद्यालयांतील शिक्षक-प्रशिक्षण समावेशाला पोषक की मारक? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करा.
३. इयत्ता पाचवीच्या भूमितीचा एक पाठ अंध आणि डोळस मुलांना एकत्र शिकवता येईल असा तयार करा.