सातवा भिकारी

ब्रात्स्लावच्या रब्बी नाख्मानची ‘सात भिकारी’ ही गोष्ट मराठीत आणताना मी शेवटी पदरचं एक वाक्य घातलं होतं. जंगलात हरवलेल्या दोन मुलांना सात भिकारी एकेक करून भेटतात, भाकरी देतात आणि ‘माझ्यासारखे व्हा’ असा आशीर्वाद देतात. कोणी आंधळा, कोणी बहिरा, कोणी तोतरा. एकाची मान वाकडी, एकाला कुबड, एकाला हात नाहीत, एकाला पाय नाहीत. पुढे या दोघांचं लग्न होतं. लग्नाच्या दिवसांत रोज एक भिकारी येतो आणि आपलं व्यंग हे मुळात व्यंगच नव्हे, हे सांगतो. असे सहा जण येतात. सातवा, पाय नसलेला, येत नाही. गोष्ट तिथेच थांबते. मला ते सोसवेना. वाटेकडे डोळे लावून बसलेलं जोडपं मी दाखवलं. वाक्य वाईट नव्हतं, पण काढावं लागलं. का, ते मला गोष्ट सांगणाऱ्याने नाही, ती लिहून घेणाऱ्याने शिकवलं.

नाख्मान (1772–1810) हा हसिदी पंथाचा प्रवर्तक बाल शेम तोव याचा पणतू. नेमिरोवचा नाथान 1802 साली त्याच्याकडे आला तेव्हा विशीत होता, आणि त्याच्या सासरी हसिदींना विरोध होता. पुढची आठ वर्षं गुरू बोलत राहिला आणि शिष्य लिहीत राहिला. गुरू बोले घरच्या यिडिशमध्ये, शिष्य लिही ग्रंथांच्या हिब्रूत. म्हणजे ज्याला आपण नाख्मानचा शब्द म्हणतो, तो बऱ्याच ठिकाणी कागदावर उतरताक्षणीच अनुवाद झालेला आहे. कबालाच्या परंपरेत शिष्याची अनेक रूपं आहेत. शिष्य हाच अनुवादक, हे रूप मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

याआधीचं प्रसिद्ध उदाहरण गालिलमधल्या साफेद गावचं. इसाक लुरियाने तिथे 1570 ते 1572 अशी जेमतेम दोन वर्षं शिकवलं, स्वतः फारच थोडं लिहिलं, आणि अडतिसाव्या वर्षी साथीत तो गेला. त्याची शिकवण आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः हाईम विटालच्या लेखणीतून. पण 1575 साली याच विटालने सहाध्यायांकडून लेखी करार करून घेतला, की लुरियाची शिकवण ते फक्त विटालकडूनच घेतील. गुरूचा शब्द जपणं म्हणजे त्याला कुलूप लावून किल्ली आपल्या कमरेला खोचणं, असा हा समज. त्यात निष्ठा नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्या निष्ठेत मालकी मिसळली होती.

नाथानने उलट केलं. 1815 साली नाख्मानच्या गोष्टी छापून निघाल्या, त्या दोन भाषांत: पानावर वर हिब्रू, खाली यिडिश. अशी मांडणी गुरूलाच हवी होती, असं ब्रात्स्लावची परंपरा सांगते. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ज्याला फक्त घरची भाषा येते, त्यालाही गोष्ट मिळते. आणि ज्याला दोन्ही येतात, तो लेखनिकाला पानोपानी तपासू शकतो. अनुवादकाने आपली झडती घेण्याची सोय स्वतःच करून ठेवावी, याहून मोठा प्रामाणिकपणा मला माहीत नाही. नाथानची हिब्रूही साजरी नाही. तिच्या वाक्यांना यिडिशचं वळण आहे. हसिदींच्या असल्या हिब्रूची योसेफ पर्ल या ज्ञानोदयवादी लेखकाने 1819 साली आपल्या विडंबनात यथेच्छ टर उडवली. पर्लला जे व्याकरणाचं अज्ञान वाटलं, ते मला बोलणाऱ्या माणसाचा आवाज जपण्याचा हट्ट वाटतो.

एक शंका रास्त आहे. गुरूविषयी आपल्याला जे कळतं ते बहुतेक या शिष्याकडूनच. मग त्याच्या निष्ठेची साक्ष देणार कोण? माझं उत्तर आहे: त्याने न भरलेल्या जागा. नाथान स्वतः विपुल लिहिणारा होता. गुरूच्या प्रवचनांवरून त्याने प्रार्थना रचल्या, धर्मनियमांवर खंडच्या खंड लिहिले; पण ते आपलं म्हणून, वेगळं. ज्याच्या हाताला इतकं सुचत होतं, त्याला एका भिकाऱ्याची गोष्ट सुचली नसती असं नाही. तरी सातवा दिवस त्याने कोरा ठेवला.

याचं कारण मला याच गोष्टीत, तोतऱ्या भिकाऱ्याच्या कथेत सापडतं. जगाच्या एका टोकाला डोंगरमाथ्यावर झरा आहे, दुसऱ्या टोकाला जगाचं हृदय. हृदयाला झऱ्याची अनावर ओढ आहे. पण ते डोंगराजवळ गेलं, की माथा दिसेनासा होतो आणि झराही. झरा दिसला नाही तर हृदय जगणार नाही. म्हणून ते दुरूनच पाहत राहतं. टीकाकार या रूपकाचा अर्थ जीव आणि ईश्वर असा लावतात, आणि तो बरोबरच आहे. मी ते गुरुशिष्यांविषयीही वाचते. अंतर हा इथे नात्यातला उणेपणा नाही, नातं त्या अंतरावरच जगतं.

म्हणून ‘त्सादिक’ या शब्दाला मी अखेर ‘गुरू’ म्हटलं नाही, हिब्रू शब्दच ठेवला. मराठीत गुरू म्हटलं की पाठोपाठ गादी येते. इतर हसिदी घराण्यांतही ती बापाकडून मुलाकडे जात होती. ब्रात्स्लावमध्ये मात्र नाख्माननंतर तिच्यावर कोणी बसलं नाही, नाथानही नाही. विरोधक त्यांना ‘मेलेले हसिदी’ म्हणून हिणवत. उमानला गुरूच्या कबरीपाशी लोकांना जमवत, पुस्तकं छापत, मार खात नाथान 1844 पर्यंत जगला. चौतीस वर्षं रिकाम्या आसनाशेजारी.

मार्टिन बूबरने 1906 साली या गोष्टी जर्मनमध्ये मोकळेपणाने पुन्हा सांगितल्या, तेव्हा कुठे युरोपातल्या वाचकाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. ते ऋण मानूनही मला वाटतं, की गोष्ट सुबक करणारा तिचा वारस होऊ पाहतो आणि खडबडीत ठेवणारा शिष्य राहतो. माझं वाक्य मला वारस करू पाहत होतं. आता मराठी मसुदा सहाव्या भिकाऱ्यापाशी संपतो. खालची जागा मोकळी आहे.