‘रईस’ला शिट्ट्या, मेलेल्यांना काय?

राहुल ढोलकियांचा ‘रईस’ २०१७ साली आला. दारूबंदीच्या गुजरातेत दारू विकून मोठा झालेला हा गडी. टीव्हीवर शाहरूख चष्मा लावून आला की आपल्या नामपुरातली पोरंही शिट्ट्या मारतात. ‘गरिबाचं पोर वर आलं!’ म्हणतात. कर्फ्यूत तो वस्तीला अन्न वाटतो, तिथं आयाबायांचे डोळे भरतात.

दोस्तहो, शिट्टीमागची भूक खरी आहे. ज्याला सरकारी दारात उभं करत नाहीत, त्याला दार लाथाडणारा आवडणारच. पण सिनेमा ह्याच भुकेला फसवतो. विकणारा भरभरून दाखवतो, पिऊन मेलेला दाखवतच नाही.

साल्हेरपलीकडं गुजरात. तिथं १९६० पासून दारूबंदी. तरी २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूनं १०० वर माणसं मेली, २०२२ मध्ये बोटादकडं ४० वर. आणि मुंबईत, जिथं परवान्यानं दारू मिळते, तिथल्या मालवणीतही २०१५ मध्ये १०० वर गेली. स्वस्तातलं मिथेनॉल गरिबाच्याच घशात जातं. बंदी असो, नसो.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १९५१ चा जाहीरनामा म्हणाला, दारूबंदी उठवा. त्याच बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. ह्यात विसंगती कसली? दंडुक्यानं दारू सुटत नाही, तस्करच पोसतो. माणूस सोडतो ती स्वतःच्या इभ्रतीसाठी.

रईस बघा, खुशाल बघा. फक्त शिट्टीआधी विचारा : ह्याची बाटली पिऊन मेलं कोण?