मौनाचा पुरावा : आंग्लिकन दीक्षेचे दोन कज्जे

जुन्या कागदांत एखाद्या गोष्टीचा उल्लेख नाहीं, एवढ्यावरून ती निषिद्ध होती असें म्हणतां येत नाहीं, हें संशोधकांस सांगावयास नको. इनामाच्या सनदेंत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’ असें असतें. तेथें कन्येचा हक्क नाकारला, कीं ती लिहिणाराच्या मनांतच आली नव्हती, हा प्रश्न आपणांस परिचित आहे. स्त्रियांस पाद्रीपणाची दीक्षा देण्यावरून आंग्लिकन पंथांत जे खटले झाले, ते धर्मग्रंथांतील वचनांवर लढले गेले असावे असें सहज वाटतें. निवाडे वाचले असतां तो समज टिकत नाहीं. वाद होता तो कागदाचा.

पहिला कज्जा ऑस्ट्रेलियांतील, स्कँड्रेट विरुद्ध डाउलिंग. कॅनबरा व गोल्बर्न येथील बिशप ओवेन डाउलिंग हे 2 फेब्रुवारी 1992 रोजीं 11 स्त्रियांस दीक्षा देणार होते. समारंभ तोंडावर आला असतां न्यू साउथ वेल्सच्या अपील कोर्टानें मनाई केली. वादींचें म्हणणें असें कीं, चर्चची घटना 1961 च्या कायद्यास जोडलेली आहे, इंग्लंडांतून चालत आलेला धर्मविषयक कायदा तिच्यायोगें कायम राहिला आहे, आणि त्याप्रमाणें पाद्री हा पुरुषच असला पाहिजे. शतकानुशतकांच्या वहिवाटीस लेखी निषेधाचें बळ द्यावें, अशीच ही मागणी होय. जुलैंत कोर्टानें ती फेटाळली; पण वहिवाटीचा अर्थ लावून नव्हे. मालमत्तेचा संबंध असेल तेथेंच ही घटना कोर्टांत बजावतां येते, एरव्हीं तिचें बंधन सदस्यांच्या मनोदेवतेपुरतें, असें ठरलें. निवाड्यांतील विद्वत्तेविषयीं शंका नाहीं. तथापि ज्या प्रश्नापायीं त्या स्त्रियांस पांच महिने ताटकळावें लागलें, त्याच्या उत्तरावर हा निर्णय उभा नाहीं, हें वैगुण्यच म्हटलें पाहिजे. दरम्यान पर्थ येथें सुप्रीम कोर्टानें मनाई देण्याचें नाकारलें, व आर्चबिशप पीटर कार्नली यांनीं 7 मार्च रोजीं 10 स्त्रियांस दीक्षा दिलीही.

इंग्लंडांत चर्च राजमान्य असल्यानें प्रकार निराळा. तेथील जनरल सिनॉडनें केलेला नियम पार्लमेंटनें मान्य केला व राजाज्ञा मिळाली, म्हणजे तो कायद्याच्याच तोलाचा होतो. 11 नोव्हेंबर 1992 रोजीं सिनॉडनें स्त्रियांच्या दीक्षेचा नियम मंजूर केला. गृहस्थ सभासदांच्या सभागृहांत मतें पडलीं 169 विरुद्ध 82, म्हणजे दोन-तृतीयांशाची अट जेमतेम भरली. तेव्हां चर्च सोसायटी 1993 मध्यें कोर्टांत गेली. सिनॉडचा अधिकार 1919 च्या कायद्यांतून आलेला. त्यांत चर्चसंबंधीं ‘कोणत्याही बाबी’विषयीं नियम करतां येतील असे शब्द आहेत. मूलभूत धर्मतत्त्वांत एवढा पालट करण्याचा अधिकार 1919 च्या कायदेकर्त्यांच्या मनांत असणें शक्य नाहीं, असा सोसायटीचा युक्तिवाद. कोर्टानें ‘कोणत्याही’ या शब्दाचा सरळ अर्थ घेतला. 1994 मध्यें विल्यमसन यांच्या अर्जावरही अपील कोर्टानें तीच वाट धरली, आणि 12 मार्च रोजीं ब्रिस्टल येथें 32 स्त्रियांस दीक्षा मिळाली.

आमच्या मतें हें वाचन अधिक शास्त्रशुद्ध आहे. लेखकाच्या मनांत काय नव्हतें तें शोधण्यापेक्षां त्याच्या लेखणींतून काय उतरलें तें पाहणें बरें. शिवाय 1919 च्या कायदेकर्त्यांस स्त्रियांचा प्रश्न अगदींच अपरिचित होता, असेंही म्हणवत नाहीं. त्याच वर्षीं त्याच पार्लमेंटनें स्त्रियांस वकिली आदि धंदे मोकळे करणारा कायदा केला होता.

राहतां राहिली ऑस्ट्रेलियाची गोष्ट. तेथील जनरल सिनॉडनें नोव्हेंबर 1992 मध्यें नियम केला, तो असा कीं, दीक्षा पुरुषांपुरती मर्यादित करणारा जो कांहीं इंग्लंडच्या चर्चचा कायदा लागू असेल, तो नियम स्वीकारणाऱ्या प्रांतांत यापुढें चालूं नये. नांव मात्र दिलें ‘स्पष्टीकरणाचा नियम’! निषेध होता कीं नव्हता, हें त्यांतही स्पष्ट झालें नाहीं. सिडनीच्या धर्मप्रांतानें तो अद्याप स्वीकारलेला नाहीं.