चाकाखालची जमीन

रॅलीच्या गेमची परीक्षा गाडीत होत नाही, जमिनीत होते. सर्किटच्या शर्यतीत डांबर तेच, वळणे तीच. खेळणारा शेकडो फेऱ्या मारून ती पाठ करतो. रॅलीत रस्ता सरळ पुढे निघून जातो. मुरुमावरून डांबरावर, डांबरावरून ओल्या पाल्यावर, तिथून बर्फावर. टायरची पकड सतत बदलते, आणि ती कुठे बदलणार हे शेजारी बसलेला नॅव्हिगेटर दोन वळणे आधी सांगतो. या प्रकाराचे वेगळेपण एवढेच आहे आणि ते पुरेसे आहे. तरीही नव्या गेमची चाहूल लागली की बोलणे सुरू होते ते गाड्या किती, परवाना कोणाचा, चित्र किती खरे याचे. सध्या ते जोरात आहे. कोडमास्टर्सने 2025 मध्ये रॅलीच्या गेमचे पुढचे काम थांबवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘असेटो कोर्सा रॅली’ अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट अवस्थेत, विक्रीला आला. 1998 पासून कोडमास्टर्सने सांभाळलेली गादी रिकामी झाली आहे. तिच्यावर कोण बसणार याची चर्चा खूप होते. बसणारा कोणती जमीन घेऊन येणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

सुरुवात ज्यांनी केली त्यांना हे नीट ठाऊक होते. 1995 चा ‘सेगा रॅली चॅम्पियनशिप’ आर्केडमधला गेम होता, नाणे टाकून खेळायचा. त्यात लान्सिया डेल्टा आणि टोयोटा सेलिका या दोन गाड्या मुख्य आणि मोजकेच रस्ते. पण तेत्सुया मिझुगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डांबराला एक पकड दिली, मातीला दुसरी. गाडी एकावरून दुसऱ्यावर गेली की हातातले स्टिअरिंग बदलल्यासारखे वाटे. तोवर गेममधली माती हा केवळ तपकिरी रंग होता. तीन वर्षांनी कोडमास्टर्सच्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ने त्यात खऱ्या नॅव्हिगेटरचा आवाज घातला. रॅलीचालक मॅक्रेचा नॅव्हिगेटर निकी ग्रिस्ट कानात वळणांचे आकडे सांगू लागला आणि खेळणारे ऐकून गाडी चालवायला शिकले. पडद्यावर डोळे लावून बसणाऱ्यापेक्षा कान उघडे ठेवणारा पुढे जातो, असा दुसरा शर्यतीचा गेम नाही. त्याच काळातल्या ‘व्ही-रॅली’ मालिकेत मजा होती, याहून जास्त तिच्याबद्दल सांगण्यासारखे नाही.

या प्रकारातली सर्वांत मोठी कृती 2004 ची आहे आणि ती अजून मागे पडलेली नाही. ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ बनवणारी वॉरथॉग ही कंपनी नंतर फार काळ टिकली नाही, गेमचा दुसरा भागही कधी निघाला नाही. 2001 चा जगज्जेता बर्न्स 2005 मध्ये ब्रेन ट्यूमरने गेला. गेम मात्र उरला. त्याचे गणित कोणाचे लाड करत नाही. टायरवर भार किती, तो पुढच्या चाकांवर कधी येतो, ब्रेक सोडला की मागचा भाग कसा फिरतो, हे सगळे खेळणाऱ्याला आधी समजून घ्यावे लागते. त्यासाठी गेममध्येच रॅलीची शाळा ठेवली होती, आणि ती टाळणारा पहिल्याच स्टेजमध्ये, म्हणजे रॅलीच्या पहिल्याच टप्प्यात, झाडावर आदळे. बर्न्सचा नॅव्हिगेटर रॉबर्ट रीड याचा आवाज थंड आणि नेमका. त्याने वाचलेली वळणाची नोट चुकवली तर दोष आपलाच, हे खेळणाऱ्याला मनोमन पटते. गाडी वळणात शिरण्याआधीच तिरकी करायची, मग गॅसवर तोल सांभाळायचा, हे तंत्र पुस्तकात वाचून येत नाही. या गेमने ते हजारो लोकांच्या हातात बसवले.

त्यानंतर जे घडले ते कुठल्याही कंपनीच्या योजनेत नव्हते. जगभरच्या हौशी मंडळींनी हा गेम उघडून दुरुस्त करायला घेतला. कोणी गाड्यांचे गणित नव्याने लिहिले, कोणी आपल्या देशातल्या रस्त्यांवर जाऊन, मापे घेऊन स्टेज बांधल्या, कोणी आपल्या भाषेत नोट्स वाचून घेतल्या. हंगेरीतून चालणाऱ्या ‘रॅलीसिमफॅन्स’ने हे सगळे एका जागी आणले आणि आज तिथे शेकडो स्टेजवर रोज स्पर्धा चालतात. वीस वर्षांपूर्वीचे चित्र आजच्या डोळ्याला बोथट दिसते, पण ते मनात राहत नाही. राहतो तो रस्त्याचा उंचवटा, कडेची खडी, वळणाच्या आतल्या बाजूला दडलेला दगड. शिवाय हा गेम साध्या कॉम्प्युटरवर चालतो. ठाण्याच्या कोपरी कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या घरात, घरचे झोपल्यावर टेबलाला स्टिअरिंग आवळून बसणाऱ्या मुलाला लाखभराचे ग्राफिक कार्ड लागत नाही. ज्या कलेचा उत्तम नमुना इतका स्वस्त आहे, तिच्यात नवे काही करू पाहणाऱ्याने निदान त्याच्या पुढे एक पाऊल तरी टाकायला हवे.

बहुतेकांनी ते टाकले नाही. 2007 च्या ‘सेगा रॅली रेव्हो’ने टाकले होते. त्यात चाकांनी माती खरोखर कापली जाई, पहिल्या फेरीत पडलेली चाकोरी दुसऱ्या फेरीत गाडीला ओढून घेई. म्हणजे जमीन बदलत होती आणि बदल टिकत होता. गेम म्हणावा तसा चालला नाही, सेगाने तो बनवणारा स्टुडिओ बंद करायचे ठरवले आणि 2008 मध्ये कोडमास्टर्सने तो घेतला. चाकोरीची कल्पना मात्र तिथे दहा वर्षांहून जास्त काळ पडून राहिली. त्या काळात कोडमास्टर्सची ‘डर्ट’ मालिका रंगीत धूर, उड्या आणि आरडाओरड्यात रमली होती. ‘डर्ट शोडाऊन’वर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. माइलस्टोन कंपनीचे चार ‘डब्ल्यूआरसी’ गेम जागतिक रॅली मालिकेच्या परवान्याच्या बळावर निघाले आणि विसरले गेले. किलोटोन कंपनीचे नंतरचे गेम प्रत्येक भागात थोडे सुधारत गेले, पण जवळपास दरवर्षी विकायचे असल्यामुळे सुधारणा पिकेपर्यंत पुढचा भाग दुकानात आलेला असे.

सन्माननीय अपवाद 2015 चा ‘डर्ट रॅली’. कोडमास्टर्समधला एक छोटा गट पुन्हा मातीकडे वळला आणि नोट्स वाचण्याचे काम गेमचा मुख्य रचनाकार पॉल कोलमन याने स्वतः केले. त्यामुळेच कदाचित त्या आवाजात घाई आणि काळजी दोन्ही खऱ्या वाटतात. 2019 च्या ‘डर्ट रॅली 2.0’मध्ये रॅलीचालक पेटर सोलबर्गचा जुना नॅव्हिगेटर फिल मिल्स आला, आणि आधीच्या गाड्यांनी उकरलेला रस्ताही आला. सुरुवातीचा क्रमांक मिळाला तर सुटी खडी आडवी येते, मागचा मिळाला तर खोल चाकोऱ्या. रॅलीतला हा न्याय-अन्याय गेममध्ये इतका नीट कधी उतरला नव्हता. 2023 च्या ‘ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी’कडे मग साऱ्यांचे डोळे होते. तीस किलोमीटरहून लांब स्टेज त्यात आल्या, हे मोठेच काम होते. पण नव्या इंजिनावर चित्र अडखळत होते, आणि ज्या प्रकारात सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो तिथे अडखळणारे चित्र अक्षम्य आहे. दीड-दोन वर्षांत कंपनीची मालक असलेल्या ईएने हात आखडता घेतला.

आता ‘असेटो कोर्सा रॅली’. गणित मूळ ‘असेटो कोर्सा’ बनवणाऱ्या कुनोसचे, म्हणजे भरवशाचे. रस्ते लेझरने मोजलेले, म्हणजे प्रत्येक उंचवटा जिथल्या तिथे. दिशा योग्य आहे आणि पहिल्या भागातच स्टिअरिंगमधून रस्ता वाचता येतो. पण सुरुवातीचे रस्ते कुठले? वेल्स आणि फ्रान्समधले अल्सास. वेल्सची जंगले नव्वदच्या दशकापासून गेममध्ये आहेत, फ्रान्सचे डोंगरी डांबर त्याहून कमी वापरलेले नाही. फिनलंड, माँटे कार्लो, स्वीडन, केनिया पाठोपाठ येतीलच. तीस वर्षांत तंत्र कुठल्या कुठे गेले, नकाशा जवळपास तिथेच राहिला.

याचे कारण परवाना. जागतिक मालिकेचे वेळापत्रक जिथे जाते तिथे गेम जातो. केनिया गेममध्ये आहे तो सफारी रॅलीमुळे. तिथली लाल धूळ सुंदर असते म्हणून कोणी नेली नाही. भारत त्या वेळापत्रकात कधी नव्हता, म्हणून भारताची जमीन कुठल्याही मोठ्या रॅली-गेममध्ये नाही. ‘डर्ट 5’मध्ये नेपाळ आला, तोही कल्पनेतला. रॅली इथे होत नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी 1980 मध्ये सुरू केलेली हिमालयन रॅली परदेशी चालकांना इथे खेचून आणत होती. नाशिकच्या परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय मालिकेची फेरी झाली आहे. कोपरीच्या पुलावरून निघून कसारा चढले की तो मुलूख सुरू होतो. पुण्याचे संजय टकले जागतिक मालिकेच्या फेऱ्यांत धावले, गौरव गिल यांनी आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद तीनदा जिंकले.

आणि एक गोष्ट तर मराठी वाचकाने विसरता कामा नये. 2010 मध्ये मुंबईच्या रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने कोडमास्टर्सचा निम्मा हिस्सा घेतला, पुढे तो वाढवला. 2018 मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरेपर्यंत तिची मुख्य मालकी मुंबईत होती. ‘डर्ट 3’, ‘डर्ट रॅली’, ‘डर्ट 4’ हे सारे गेम त्या काळातले. पुण्यात कंपनीची शाखाही होती. एवढ्या वर्षांत भारताचा एकच रस्ता कोडमास्टर्सच्या गेममध्ये झळकला, तो ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, आणि तोही फॉर्म्युला वनच्या वेळापत्रकाने बंधनकारक केला म्हणून. जगातली सर्वांत नावाजलेली रॅली-गेमची कंपनी मुंबईच्या पैशावर चालत होती आणि तिच्या गेममध्ये सह्याद्रीचे एक वळण आले नाही. मालकी हातात असताना मागणी करायला हवी होती. ती झाल्याचे कुठल्याही गेममध्ये दिसत नाही. 2021 मध्ये ईएने 1.2 अब्ज डॉलर मोजून कंपनी घेतली आणि ती संधी गेली.

हे दुःख केवळ अभिमानाचे नाही, कलेचे आहे. रॅलीच्या गेमला आज जे हवे ते सह्याद्रीत आहे आणि युरोपात नाही. कल्याण-मुरबाडकडून माळशेजला चढणारा रस्ता जुलैमध्ये पाहावा. पायथ्याला कोरडे डांबर, अर्ध्या घाटात कड्यावरून थेट रस्त्यावर पडणारे पाणी, वळणाच्या आत पाझराने धरलेले शेवाळ, दरडीतून सुटलेले काळ्या कातळाचे तुकडे, माथ्यावर दहा फुटांवरचे काही दिसू न देणारे धुके. दहा-बारा किलोमीटरमध्ये पकड कितीदा बदलते याची गणती नाही. कोकणात उतरले की जांभ्याचा लाल चिखल, देशावर गेले की काळी माती. दोन्ही ओल्या झाल्यावर टायरशी वेगवेगळ्या वागतात. बहुतेक गेममधला पाऊस मात्र अजून एका कळीचा आहे: चालू केला की सगळीकडची पकड सारखीच कमी होते. जोवर बनवणारे वेल्सच्या रिमझिमीवर गणित बसवत राहतील तोवर ते सुधारणार नाही. मान्सून समोर ठेवला तर सुधारावेच लागेल. पाणी साचते कुठे, वाहते कुठे, चिखल टायरच्या खाचेत कधी भरतो आणि कधी झडतो, हे लिहिल्याशिवाय माळशेज गेममध्ये उभा राहणार नाही. अवघड जमीनच गणिताला पुढे ढकलते. ‘सेगा रॅली’पासून ‘डर्ट रॅली 2.0’पर्यंत प्रत्येक खरी प्रगती अशीच झाली आहे.

यावर ठरलेले उत्तर मिळते की भारतात गेम मोबाइलवर खेळले जातात, स्टिअरिंग घेणारे मूठभर, त्यांच्यासाठी घाट कोण बांधणार. हे उत्तर चुकीचे आहे. फिनलंडची लोकसंख्या ठाणे जिल्ह्यापेक्षा कमी आहे. तिथल्या स्टेज फिनलंडच्या गिऱ्हाइकासाठी बांधल्या जात नाहीत, जगातल्या प्रत्येक खेळणाऱ्याला त्या उड्या हव्या असतात म्हणून बांधल्या जातात. घाटही तसाच जगाला हवा असेल, पण आधी तो कोणीतरी दाखवायला हवा. दुसरा आक्षेप असा की घाटातल्या शर्यतींना यातून उत्तेजन मिळेल. उलट आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटांत वेग आजमावणारी तरुण मुले मरतात, कारण वेगाची हौस भागवायला त्यांना दुसरी जागा नाही. माळशेजच्या वळणावर तोल सुटला की काय होते हे घरी बसून पन्नासदा अनुभवलेला मुलगा खऱ्या घाटात ब्रेक आधी दाबेल.

आणि हे करायला परवाना लागत नाही, लंडनचा शेअर बाजार लागत नाही. ‘रिचर्ड बर्न्स रॅली’च्या हौशी मंडळींनी रस्ता दाखवून दिला आहे. महामार्गांच्या मोजणीसाठी लेझरची यंत्रे इथे वापरात आहेत. ‘राजी’सारखा जगभर खेळला गेलेला गेम पुण्याच्या एका छोट्या गटाने 2020 मध्ये बाहेर काढला, म्हणजे हातही आहेत. पहिली स्टेज दहा किलोमीटरचीच असू द्या: घाटाची एक बाजू, पावसाळ्यातली एक सकाळ, दोन-तीन गाड्या, आणि नाशिकच्या रॅलीत बसलेल्या एखाद्या नॅव्हिगेटरने त्या रस्त्यावर स्वतः फिरून लिहिलेल्या आणि स्वतःच्या आवाजात वाचलेल्या नोट्स.