टकळी, कासव आणि संगणकाचा तास

गागोदे बुद्रुक हे पेण तालुक्यातलं गाव. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबांचा जन्म इथे झाला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अशा गावात बसून पहिली-दुसरीच्या मुलांना संगणक कसा शिकवावा यावर बोलायचं, म्हणजे काहींना विषय जरा विजोड वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही. विनोबांनी शिक्षणावर बोलताना एक प्रश्न आयुष्यभर लावून धरला होता: मुलाच्या हातातलं साधन आणि मुलाच्या डोक्यातलं ज्ञान यांचा संबंध काय? आज ते साधन संगणक आहे. आमच्या मते आपल्या प्राथमिक शाळांतल्या संगणकाच्या तासाला हा प्रश्नच पडलेला नाही, आणि आजच्या टीकेचा रोख तिकडेच आहे.

थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. विनोबा तिचे सदस्य होते. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेलं, ही नई तालीमची कल्पना. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. 'सूतकताई' नावाचा आणखी एक विषय वेळापत्रकात घुसवावा, असं ते म्हणत नव्हते. टकळी हे माध्यम होतं. सूत किती निघालं ते मोजताना गणित, कापूस कुठून आला ते विचारताना भूगोल, कापड गिरण्यांकडे कसं गेलं ते सांगताना इतिहास. टकळीचे भाग पाठ करून कुणी नई तालीम पास होणार नव्हतं.

आता आजचं संगणकाचं पुस्तक उघडा. बाजारात पहिली ते चौथीसाठी अशी पुष्कळ पुस्तकं मिळतात, आणि खासगी शाळांतून ती सक्तीने घ्यायला लावतात. पहिल्या पानावर चित्र: मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माऊस. खाली बाण आणि रिकाम्या जागा. पुढे संगणकाचे जनक कोण? चार्ल्स बॅबेज. संगणकाचे उपयोग लिहा: बँकेत, रेल्वेत, दवाखान्यात. मग एक धडा रंग भरण्याच्या प्रोग्रामवर, आणि शेवटी तोंडी परीक्षा. म्हणजे बघा, ज्या मुलाच्या घरात फक्त वडिलांचा मोबाईल आहे, ज्याला माऊसही नाही आणि सीपीयूचा डबाही नाही, ते मूल एका वस्तूच्या अवयवांची इंग्रजी स्पेलिंगं पाठ करतं आणि आपण म्हणतो, संगणक शिकलं. याला आम्ही टकळीचे भाग पाठ करणं म्हणतो.

हे एकट्या लेखकांचं पाप आहे असं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगचे उपक्रम मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून ठेवले. त्याच्या खालच्या इयत्तांत पालकांची मागणी मात्र जोरात आहे. ही पोकळी पुस्तक विकणाऱ्यांनी भरली, आणि जे छापायला सोपं आणि तपासायला सोपं, ते त्यांनी छापलं.

जिल्हा परिषदेच्या शाळांनी दुसरी वाट धरली, ती 'डिजिटल शाळे'ची. ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव यात आधी गाजलं, मग गावोगावी लाट आली. शिक्षक आणि गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, टीव्ही, टॅबलेट आणले. ज्या गावात पावसाळ्यात रस्ता धड नसतो, त्या गावाने पोटाला चिमटा काढून शाळेसाठी पडदा घेतला, याची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. आम्ही तर मुळीच करणार नाही. पट टिकला नाही तर शाळाच बंद पडेल, ही भीती त्या वर्गणीमागे असते. तिथल्या शिक्षकांचं कौतुक व्हायलाच हवं.

पण कौतुक झाल्यावर विचारावं लागतं की त्या पडद्यासमोर मूल काय करतं? बहुतेक वेळ बघतं. कविता चालीवर लागते, हत्ती नाचतो, पाढे आपोआप म्हटले जातात. आपल्याकडे सतत बोलणाऱ्याला आपण म्हणतो, 'याची टकळी चालूच!' वर्गातल्या पडद्याची टकळी तशीच चालू असते. सूत मात्र निघत नाही. पूर्वी फळ्यापुढे मास्तर बोलायचे, आता पडदा बोलतो. मुलाच्या हाताला काम तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

मग प्रत्येक मुलाच्या हातात यंत्र दिलं तर? हाही प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला आहे, आणि त्याची आठवण आपण फार लवकर पुसून टाकली. 2005 मध्ये निकोलस निग्रोपोन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली: दर मुलामागे एक. 2006 मध्ये आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ती संशयास्पद आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही 2007 मध्ये कर्जतजवळच्या खैरात इथल्या छोट्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. वीस-बावीस मुलं, पहिली ते चौथी एकाच खोलीत. कळफलकावर देवनागरी अक्षरं होती. तोवर यंत्राची किंमत शंभर डॉलरवरून पावणेदोनशेच्या पुढे गेली होती.

त्या यंत्रात चांगल्या गोष्टी होत्या. कॅमेरा होता, लिहिण्याची सोय होती, मुलांना चित्र काढायला 'कासव' होतं. पण सगळ्या योजनेमागे एक श्रद्धा होती की यंत्र हातात पडलं की मूल आपोआप शिकेल, शिक्षक जरा बाजूला राहिले तरी चालेल. पेरू देशात हे लॅपटॉप लाखोंनी वाटले गेले. तिथल्या 319 ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासाचा अहवाल 2012 मध्ये आला. गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, आणि मुलं संगणक सराईतपणे वापरू लागली. थोडक्यात, यंत्र दिलं तर मूल यंत्र वापरायला शिकतं. त्यापुढचं काही हवं असेल तर ते कुणीतरी रचावं लागतं.

ते कसं रचायचं? मघाशी कासवाचा उल्लेख केला, तिथे पुन्हा जाऊ. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा तयार केली. पडद्यावर एक कासव असतं आणि मूल त्याला हुकूम सोडतं. पुढे 50, उजवीकडे 90, असं चारदा केलं की चौकोन होतो. आता गंमत पाहा. मुलाला सांगा, तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढ. ते म्हणतं, त्रिकोणाचा कोन 60 चा, म्हणून उजवीकडे 60. कासव भलतीकडेच जातं. मूल बुचकळ्यात पडतं. मग त्याला अंगणात आणा आणि स्वतः कासव व्हायला सांगा. चालताना कळतं की आपण वळतो ते बाहेरून, 60 अंशांत नाही, 120 अंशांत. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, ते त्याच्या पायांना कळलं. चूक झाली म्हणून लाल शेरा नाही. हुकूम बदलायचा आणि पुन्हा चालवून बघायचं. टकळीवर धागा तुटला की जोडायचा आणि पुढे कातायचं, तसंच.

दुसरं उदाहरण आपल्या लिपीचं. विनोबांनी नागरीसाठी किती आग्रह धरला ते आपण जाणतो. भारतीय भाषांनी आपापल्या लिपीबरोबर नागरीही वापरावी, असं त्यांचं सांगणं होतं. आणि आज आपलं मूल संगणकावर मराठी लिहितं ते रोमन अक्षरांतून. 'पुस्तक' लिहायला आधी इंग्रजी पी, यू, एस, टी. वास्तविक 1986 पासून सरकारमान्य 'इनस्क्रिप्ट' कळफलक आहे. त्याची मांडणी आपल्या वर्णमालेला धरून आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. क ज्या कळीवर, शिफ्ट दाबली की तिच्यावरच ख. ग वर घ, त वर थ, प वर फ. इकाराची मात्रा ज्या कळीवर, शिफ्टसह तिथेच पूर्ण इ. 'काकी' लिहा: उजव्या हाताने क, डाव्याने काना, पुन्हा उजव्याने क, डाव्याने दुसरी वेलांटी. 'पुस्तक' लिहिताना स चा पाय मोडायची कळ वेगळी दाबावी लागते, मग त. म्हणजे जोडाक्षर कसं बनतं ते बोटांना समजतं. नुकतीच बाराखडी शिकलेल्या दुसरीच्या मुलाला यापेक्षा चांगलं वाचनाचं साधन कुठलं? आणि हेच आपण शिकवत नाही, कारण मोठ्यांना ते येत नाही.

तिसरी गोष्ट, यंत्राशिवाय संगणकशास्त्र. न्यूझीलंडमधल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात असे खेळ रचले. पाच पत्ते घ्या, त्यांवर 16, 8, 4, 2, 1 असे ठिपके. कुठले पत्ते उघडे ठेवले की 11 होतील? आठ, दोन आणि एक. झाली द्विमान पद्धत. किंवा 1 ते 100 मधला आकडा ओळखा. दर वेळी मधोमध विचारलंत तर सात प्रश्नांत सापडायलाच हवा. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने 'कॉम्प्युटर मस्ती' ही शालेय पुस्तकमालिका झाली, तिचाही भर क्रमाने विचार करण्यावर आहे. वीज नसलेल्या दिवशीही हा तास होऊ शकतो.

इथे एक इशारा द्यायला हवा. नई तालीमवर जुना आक्षेप होता की गरिबाच्या पोराला टकळी द्याल आणि श्रीमंताच्या पोराला पुस्तक. तो आक्षेप खोटा नव्हता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हाताचंच काम वाट्याला आलं, त्यांनी तो घ्यायलाच हवा होता. आज उद्या कुणी म्हणेल, पेण-रोह्याच्या वाड्यांवर पत्त्यांचे खेळ पुरेत, यंत्रं शहरात ठेवू. हे आम्हाला मान्य नाही. शिवाय टकळी आणि संगणक यांत मोठा भेद आहे. टकळी मोडली तर गावात नवी होते, धागा कसा बनतो ते डोळ्यांना दिसतं. संगणकाच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, आणि बिघडला तर तालुक्याला न्यावा लागतो. म्हणून पत्ते आणि कासव आधी, यंत्र पाठोपाठ. पण यंत्र यायलाच हवं.

आणि काम मुलाच्या परिसरातलं हवं. इथे पाऊस बदाबदा पडतो. एक साधं पर्जन्यमापक ठेवा, रोजचा आकडा चौथीच्या मुलांनी तक्त्यात भरावा, आलेख काढावा, आषाढ आणि श्रावणातला फरक सांगावा. पेण, हमरापूर, जोहे इथले गणपतीचे कारखाने मुलांच्या ओळखीचे आहेत: मूर्तीची उंची, रंगाचे हात, वाळायला लागलेले दिवस, हे सगळं नोंदण्यासारखं आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातलं मूल दिवाळीनंतर शाळेतून नाहीसं होतं. त्याने मे महिन्यात परत येऊन आपल्या भट्टीवरच्या विटांचा हिशेब या तक्त्यात मांडला, तर त्या वर्गात ते मागे पडलेलं राहणार नाही. त्याला जे ठाऊक आहे ते इतरांना नसेल.

पालक म्हणतील, अहो, लवकर शिकवलं नाही तर आमची मुलं मागे राहतील. आमचं उत्तर असं की आज दुसरीत असलेलं मूल नोकरीला लागेल तोवर आजचे प्रोग्राम उरलेले नसतील. पत्र टाईप करणं चौदाव्या वर्षी चार दिवसांत येतं. क्रम लावणं, चूक शोधून दुरुस्त करणं, आपल्या भाषेत नीट सांगणं, याला मात्र सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात व्हावी लागते. शिक्षक म्हणतील, आम्ही दोघं, वर्ग चार, वर सरकारी माहित्या भरायच्या. हे खरं आहे, आणि त्यांना वेळ आणि प्रशिक्षण न देता नुसते संच पाठवणाऱ्यांनी ते आधी ऐकावं.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेत गेलात, तर संगणक किती आहेत हे विचारू नका. विनोबांनी आपली प्रमाणपत्रं जाळून टाकली होती. आपणही संगणकाच्या प्रमाणपत्राचा आग्रह थोडा सोडू. एवढंच विचारा: या आठवड्यात माझ्या मुलाने संगणकावर काय बनवलं, ते कुठल्या भाषेत, आणि बनवताना कुठे चुकलं? या तिन्ही प्रश्नांना उत्तरं मिळाली, तर शाळेत एकच जुना संगणक असला तरी मूल शिकतं आहे असं खुशाल समजा.