पाठ प्रथिनापाशीच का थांबतो?

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात (२०१७) आरएनएचे तीन प्रकार येतात. दहावीच्या पुस्तकात (२०१८) ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे टप्पे येतात आणि प्रथिन तयार झाले की विषय संपतो. मांडणी नेटकी आहे, परीक्षेला सोयीची आहे. आमची तक्रार ती जिथे थांबते त्याबद्दल आहे.

एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, “सगळ्या पेशींत डीएनए एकच, तर डोळ्याची पेशी वेगळी कशी? आणि दाढी बाराव्या वर्षाआधी का येत नाही?” या ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ला पाठात जागाच नाही. डीएनए, आरएनए, प्रथिन ही गाडी एकदा सुटली की थेट शेवटच्या स्टेशनात, असे चित्र मुलांच्या मनात बसते. मध्ये सिग्नल असतात हे कोणी सांगत नाही.

असा एक सिग्नल जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत सापडला. अंड्यातून निघाल्यावर तो अळीच्या चार अवस्थांतून प्रौढ होतो. त्याचे लिन-४ हे जनुक बिघडले तर पहिल्या अवस्थेतली कामे पेशी पुन्हा पुन्हा करत राहतात. जणू वय वाढले तरी नाव पहिलीच्याच हजेरीपटावर. लिन-१४ बिघडले तर नेमके उलटे: पहिल्या अवस्थेतली कामे गाळून पेशी पुढच्या अवस्थेला लागतात. म्हणजे लिन-४चे काम लिन-१४ला वेळेवर आवरण्याचे. १९९३ साली व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांच्या गटांनी ते कसे होते हे दाखवले. लिन-४पासून प्रथिन बनतच नाही. बनतो फक्त २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनएचा तुकडा. तो लिन-१४च्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाशी अर्धवट जुळतो आणि संदेश असूनही त्याचे प्रथिन पुरेसे होत नाही.

ही कृमीचीच लकब असेल, असे पुढे काही वर्षे अनेकांना वाटले. २००० साली लेट-७ हा तसाच तुकडा सापडला, आणि तो माशीत, माशात, माणसातही निघाला. २०२४चे नोबेल या दोघांना मिळाले.

अशा तुकड्यांना ‘जनुकांचे स्विच’ म्हणणे सोपे आहे, पण आम्हांला ते पटत नाही. स्विच चालू असतो किंवा बंद. यांतले बरेचसे तुकडे प्रथिनाचे प्रमाण फक्त थोडे कमी करतात, आणि एकच तुकडा अनेक संदेशांवर काम करतो. पंख्याचा रेग्युलेटर ही उपमा जास्त जवळची.

हे सारे परदेशातले, म्हणून सोडून द्यावे असेही नाही. पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक आहे. तिथे नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा या, मुख्यतः मुलांना होणाऱ्या मेंदूच्या कर्करोगातील सूक्ष्म आरएनए तपासले. अनुमस्तिष्काची वाढ घडवणाऱ्या संकेतयंत्रणाच या रोगात बिघडलेल्या आढळतात. त्यांपैकी ‘विंट’ यंत्रणेशी निगडित गाठींमध्ये ठरावीक सूक्ष्म आरएनए वाढलेले असतात, असे या गटाने २०१० साली प्रसिद्ध केले. या गटातल्या मुलांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा चांगली असते, त्यामुळे गाठ कोणत्या गटातली हे कळणे मोलाचे. हे तुकडे इतके लहान की मेणात जतन केलेल्या जुन्या नमुन्यांतही ते बऱ्यापैकी टिकतात. हा उपचार नव्हे, ओळख पटवण्याची रीत आहे. वर्गात सांगताना हा फरक पुसू नये.

पुस्तकात एवढ्यासाठी अर्धे पान पुरले असते. ते येईपर्यंत भाषांतरणाचा तास संपताना लिन-४ आणि लिन-१४च्या गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि विचारावे: दोन्ही जनुके एकाच कृमीत बिघडली तर काय दिसेल? मुलांना वाद घालू द्यावा. उत्तर असे की, मुख्यतः लिन-१४चाच दोष दिसतो. आवरायला प्रथिनच नसेल तर आवरणारा असला काय आणि नसला काय!